डायलिसिस आणि ऑक्सिडेटिव्ह ताण : गोळ्या की उरलेली लघवी?

डायलिसिसवर असलेल्या रुग्णांची आणि त्यांच्या घरच्यांची पत्रे या सदराकडे नेहमीच येतात. अलीकडे त्यांपैकी अनेक पत्रांत ऑक्सिडेटिव्ह ताणाचा, म्हणजे अतिक्रियाशील रेणूंमुळे शरीरात होणाऱ्या मोडतोडीचा, उल्लेख असतो, आणि तो कमी करण्याच्या गोळ्यांविषयी विचारणाही असते. मूत्रपिंडांचे जे थोडेफार काम अजून शिल्लक आहे, त्याविषयी मात्र क्वचितच कोणी विचारते. या दोन्ही गोष्टी एकमेकींशी घट्ट जोडलेल्या असल्यामुळे या अंकात त्या विषयावरची पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ६२ आहे. मधुमेहामुळे त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली असून आठ महिन्यांपासून त्यांचे आठवड्यातून तीन वेळा हिमोडायलिसिस (यंत्राने रक्त शुद्ध करणे) होते. अजूनही त्यांना दिवसाला सुमारे अर्धा लिटर लघवी होते. एका नातेवाइकांनी अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या आणून दिल्या आहेत. त्यांत क जीवनसत्त्व १००० मिलिग्रॅम आणि ई जीवनसत्त्व ४०० युनिट आहे. ‘ऑक्सिडेटिव्ह ताण गेला की मूत्रपिंडे पुन्हा चालू लागतील,’ असे ते सांगतात. या गोळ्या द्याव्यात का? आणि डायलिसिस चालू असताना होणाऱ्या लघवीला काही अर्थ उरतो का?

उत्तर : या गोळ्या देऊ नयेत. लघवीला मात्र अर्थ आहे, आणि तो आपल्याला वाटत असेल त्याहून पुष्कळ मोठा आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघते.

आठवड्याचे तास १६८. चार-चार तासांची तीन सत्रे धरली, तर यंत्र त्यांपैकी १२ तास काम करते. उरलेल्या १५६ तासांत रक्त शुद्ध करण्याचे जे काही काम होते, ते आपल्या वडिलांची स्वतःची मूत्रपिंडे करत असतात. मिनिटाला केवळ १ मिलिलिटर रक्तद्रव शुद्ध करण्याची क्षमता उरली असली, तरी आठवड्याचा हिशेब सुमारे १० लिटरवर जातो. हे काम अखंड चालते, त्यामुळे शरीरात पाणी, पोटॅशियम आणि फॉस्फरस साचण्याचा वेग कमी राहतो, आणि म्हणून दोन सत्रांमध्ये वजन कमी वाढते.

यंत्र आणि मूत्रपिंड यांच्या कामात केवळ वेळेचा फरक नाही. युरियासारखे लहान रेणू डायलायझरच्या, म्हणजे यंत्रातील गाळणीच्या, पडद्यातून सहज बाहेर पडतात. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनसारखा सुमारे ११,८०० डाल्टन वजनाचा मोठा रेणू साध्या पडद्यातून जवळजवळ जात नाही. इंडॉक्सिल सल्फेट आणि पॅरा-क्रेसिल सल्फेट हे पदार्थ तर रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला इतके घट्ट चिकटलेले असतात, की त्यांचा थोडाच भाग यंत्राच्या हाती लागतो. आतड्यातील जिवाणूंनी प्रथिनांच्या घटकांवर केलेल्या क्रियेतून हे दोन पदार्थ तयार होतात. निरोगी मूत्रपिंडाच्या नलिकांमधील पेशी ते रक्तातून ओढून घेऊन लघवीत सोडतात, आणि अर्धवट उरलेले मूत्रपिंडही हे काम काही प्रमाणात करत राहते.

आता ऑक्सिडेटिव्ह ताणाकडे येऊ. पेशींमध्ये ऑक्सिजनचा वापर होताना सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड यांसारखे अतिक्रियाशील रेणू सतत तयार होत असतात. जंतूंना मारण्यासाठी पांढऱ्या पेशी असे रेणू मुद्दाम तयार करतात. त्यांना आवर घालणारी विकरे आणि अन्य द्रव्ये शरीरात असतात. निर्मिती वाढली किंवा आवर घालणारी यंत्रणा दुबळी झाली, की हे रेणू मेद, प्रथिने आणि जनुकद्रव्य यांची मोडतोड करतात. या असंतुलनाला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. डायलिसिसच्या रुग्णात दोन्ही बाजूंनी नुकसान होते. एकीकडे वर सांगितलेले इंडॉक्सिल सल्फेटसारखे पदार्थ रक्तवाहिन्यांच्या अस्तरात असे रेणू निर्माण करवतात आणि डायलायझरच्या पडद्याशी रक्ताचा संपर्क आल्यावर पांढऱ्या पेशी चेतवल्या जातात. दुसरीकडे पाण्यात विरघळणारे क जीवनसत्त्व प्रत्येक सत्रात वाहून जाते, पथ्यामुळे आहार आक्रसतो, आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या संरक्षक विकराचे रक्तद्रवातील रूप मुख्यतः मूत्रपिंडाच्या नलिकांमध्येच तयार होत असल्यामुळे त्याचाही तुटवडा पडतो.

म्हणजे शिल्लक मूत्रपिंड हे ताण निर्माण करणारी द्रव्ये बाहेर टाकते आणि ताण आवरणारे विकरही पुरवते. ज्यांचे मूत्रपिंडकार्य टिकून आहे अशा रुग्णांच्या रक्तात ऑक्सिडेटिव्ह ताणाच्या खुणा कमी आढळतात, ही निरीक्षणे याच्याशी जुळतात. उलट दिशेचा संबंधही तितकाच खरा आहे. जे थोडे नेफ्रॉन (मूत्रपिंडातील गाळण्याचे सूक्ष्म घटक) उरले आहेत त्यांच्यावर कामाचा बोजा वाढतो, त्यांचा ऑक्सिजनचा वापर वाढतो, आणि ताणामुळे त्यांचीही झीज होते. एकाचे बिघडले की दुसऱ्याचे बिघडते.

हे सारे पुस्तकी वाटू नये म्हणून एक आकडा सांगतो. कॅनडा आणि अमेरिकेत पेरिटोनियल डायलिसिसच्या, म्हणजे पोटात द्रावण भरून केल्या जाणाऱ्या डायलिसिसच्या, ६८० रुग्णांवर झालेल्या कॅनुसा या अभ्यासाचे २००१ साली पुन्हा विश्लेषण झाले. त्यात दिवसाच्या लघवीतील प्रत्येक २५० मिलिलिटर वाढीमागे मृत्यूचा सापेक्ष धोका ३६ टक्क्यांनी कमी आढळला. पेरिटोनियल डायलिसिसने केलेल्या शुद्धीच्या वाढीशी मात्र असा संबंध दिसला नाही. पुढे २००२ साली मेक्सिकोतील ९६५ रुग्णांच्या अॅडेमेक्स चाचणीत डायलिसिसची मात्रा मुद्दाम वाढवूनही रुग्ण अधिक जगले नाहीत. कॅनुसा हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे आणि ज्यांची लघवी टिकते ते मुळातच थोडे सुदृढ असू शकतात, ही शंका रास्त आहे. तरीही मूत्रपिंडाने शुद्ध केलेला एक लिटर आणि डायलिसिसने शुद्ध केलेला एक लिटर यांची किंमत सारखी नाही, हे या दोन अभ्यासांनंतर नाकारणे कठीण आहे.

गोळ्यांचा इतिहास इतका सरळ नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या स्पेस या चाचणीत हृदयविकार असलेल्या १९६ हिमोडायलिसिस रुग्णांपैकी काहींना रोज ८०० युनिट ई जीवनसत्त्व दिले गेले. त्यांच्यात हृदय व रक्तवाहिन्यांच्या घटना १६ टक्के, तर इतरांत ३३ टक्के होत्या. २००३ साली १३४ रुग्णांवरील एका चाचणीत एन-अॅसिटिलसिस्टीन या औषधाने हेच प्रमाण ४७ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर आल्याचे दिसले. आशा वाढवणारे हे निकाल होते, परंतु दोन्ही चाचण्या लहान होत्या आणि एकूण मृत्यूंत दोहोंतही फरक पडला नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाथ चाचणीत ३५३ रुग्णांपैकी काहींना सहा महिने ई जीवनसत्त्वाचे मिश्रण आणि अल्फा लिपॉइक आम्ल दिले गेले. त्यात तर ऑक्सिडेटिव्ह ताणाच्या खुणाही हलल्या नाहीत. एन-अॅसिटिलसिस्टीनने लघवी वाढल्याचे सांगणारे काही अभ्यास आहेत, पण ते मोजक्या रुग्णांवरचे आणि काही आठवड्यांचे आहेत. बंद पडलेली मूत्रपिंडे अशा गोळ्यांनी पुन्हा सुरू होतात, याला मात्र कसलाही आधार नाही. ज्यांनी हे सांगितले त्यांचा हेतू चांगला असेल, तरी रुग्णाच्या आशेशी असा खेळ होऊ नये, असे मला कळकळीने वाटते.

शिवाय १००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आपल्या वडिलांसाठी निरुपद्रवी नाही. शरीरात त्याचे ऑक्झलेट होते, आणि ते बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांचेच असते. मूत्रपिंडे दुबळी असतील तर ऑक्झलेटचे स्फटिक रक्तवाहिन्या, सांधे, हृदय आणि मूत्रपिंड यांत साचू शकतात. ज्या गोळीने मूत्रपिंड जपायचे, तिनेच उरलेसुरले मूत्रपिंड दुखावण्याची ही शक्यता आहे. डायलिसिसमध्ये वाहून जाणारी जीवनसत्त्वे भरून काढण्यासाठी पाण्यात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांची अल्प मात्रेची गोळी डॉक्टर लिहून देतात, तेवढी पुरेशी असते. अ जीवनसत्त्व असलेली बाजारातील मिश्रणे टाळावीत, कारण ते शरीरात साठत जाते.

प्रश्न : ऑक्सिडेटिव्ह ताण मोजणारी रक्ततपासणी करून घ्यावी का?

उत्तर : नको. मॅलॉनडायअल्डिहाइड, आयसोप्रोस्टेन, प्रथिनांच्या ऑक्सिडीकरणातून उरणारी द्रव्ये अशा अनेक खुणा संशोधनात मोजल्या जातात, परंतु त्यांच्या मोजणीच्या पद्धती एकसारख्या नाहीत, आणि अहवाल कसाही आला तरी त्यावरून उपचार बदलावा असा कोणताही निकष आज नाही. तोच खर्च आणि तीच उठाठेव लघवीच्या मोजणीसाठी करावी. ती कशी करायची ते पुढे दिले आहे.

प्रश्न : मी डायलिसिस टेक्निशियन आहे. आमच्याकडे सुरुवातीला चांगली लघवी होणाऱ्या रुग्णांची लघवी काही महिन्यांत आटते. ‘डायलिसिस सुरू केले म्हणूनच लघवी बंद झाली,’ असा आरोप ते करतात. हे खरे आहे का, आणि यंत्राजवळ उभे राहून आम्ही काय करू शकतो?

उत्तर : हा प्रश्न तंत्रज्ञाकडून यावा, याचा फार आनंद झाला, कारण या बाबतीत सर्वांत अधिक काही करू शकणारा माणूस यंत्राजवळच उभा असतो.

रुग्णांचा आरोप पूर्ण खरा नाही आणि पूर्ण खोटाही नाही. मूळ आजार चालूच असतो, त्यामुळे मूत्रपिंडकार्य कालांतराने घटणारच. मात्र हिमोडायलिसिसमध्ये ते पेरिटोनियल डायलिसिसपेक्षा लवकर घटते, असे बहुतेक अभ्यासांत दिसले आहे, आणि त्याचे एक मुख्य कारण आपल्या डोळ्यांदेखत घडत असते: सत्राच्या मध्यावर घसरणारा रक्तदाब. दाब पडला की मूत्रपिंडाकडे जाणारे रक्त कमी होते. दाब सावरला की रक्त पुन्हा वेगाने येते, आणि ऑक्सिजनच्या या तुटवड्यानंतरच्या पुरवठ्यातच अतिक्रियाशील रेणूंचा लोंढा सुटतो. आधीच जेमतेम तग धरून असलेल्या पेशींना हा फटका आठवड्यातून तीनदा बसला, तर त्या किती काळ टिकतील?

म्हणून पाणी काढण्याचा वेग हा आपला पहिला विचार असावा. तासाला प्रति किलो १३ मिलिलिटर ही मर्यादा सर्वत्र सांगितली जाते. ६० किलोच्या रुग्णात ती ताशी ७८० मिलिलिटर, म्हणजे चार तासांत जेमतेम तीन लिटर होते. ज्याला लघवी होते त्याच्यात या मर्यादेच्याही खूप खाली राहणे सहसा शक्य असते. सर्व रुग्णांना सारखेच कोरडे करण्याच्या सवयीत लघवी होणाऱ्या रुग्णाचा बळी जातो. त्याचे कोरडे वजन, म्हणजे जादा पाणी काढून झाल्यावरचे वजन, ठरवताना ‘सूज नाही ना’ एवढेच न पाहता ‘मागच्या महिन्यापेक्षा लघवी कमी झाली का’ हेही विचारावे, आणि पेटके येणे, सत्रानंतर गळून जाणे, आवाज बसणे ही लक्षणे दिसली तर कोरडे वजन चुकले असल्याची शंका डॉक्टरांकडे तत्काळ मांडावी. अर्थात, पाणी शरीरात तुंबवून लघवी टिकवणे हा मार्ग नव्हे. त्याने हृदय थकते. मीठ कमी खाल्ले की तहान कमी लागते, वजन कमी वाढते आणि ओढाताणच टळते, हे रुग्णाला पटवून देण्याची संधी डॉक्टरांपेक्षा आपल्याला अधिक मिळते. डायलिसिसच्या द्रवाचे तापमान किंचित कमी ठेवल्याने काही रुग्णांचा दाब सावरतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. डायलिसिसच्या द्रवातील जंतूंचे विषारी अंश (एंडोटॉक्सिन) पडद्यातून रक्तात झिरपले, तर पांढऱ्या पेशी चेतवल्या जाऊन दाह आणि ऑक्सिडेटिव्ह ताण वाढतो. अतिशुद्ध द्रव म्हणजे मिलिलिटरमागे ०.१ पेक्षा कमी जंतुवसाहती आणि ०.०३ पेक्षा कमी एंडोटॉक्सिन एकक. ही पातळी राखल्यास शिल्लक मूत्रपिंडकार्य अधिक टिकते, असे लहान अभ्यासांत दिसले आहे. आरओ यंत्रणेचे निर्जंतुकीकरण आणि पाण्याचे नमुने वेळेवर पाठवणे हे काम कोणाच्या नजरेस पडत नाही, तरी त्याचे मोल फार आहे. कृत्रिम तंतूंचे आधुनिक पडदे जुन्या सेल्युलोजच्या पडद्यांपेक्षा रक्ताला कमी चेतवतात. ई जीवनसत्त्वाचा लेप दिलेल्या पडद्यांनी रक्तातील खुणा सुधारतात, परंतु त्यामुळे आयुष्य वाढते असे सिद्ध झालेले नाही.

‘अधिक डायलिसिस म्हणजे अधिक चांगले’ ही समजूतही येथे तपासून पाहावी लागते. अमेरिका व कॅनडातील रात्रीच्या वारंवार हिमोडायलिसिसच्या चाचणीत, अधिक वेळा डायलिसिस झालेल्या गटाचे शिल्लक मूत्रपिंडकार्य अधिक वेगाने गेले. याच कारणाने पुरेशी लघवी असलेल्या निवडक रुग्णांत आठवड्यातून दोन सत्रांनी सुरुवात करून, मूत्रपिंडकार्य घटेल तशी सत्रे वाढवण्याची पद्धत काही ठिकाणी अवलंबली जाते. तिची अट एकच आणि कडक आहे: लघवीची तपासणी नियमित झाली पाहिजे. तपासणीविना सत्र कमी करणे धोक्याचे आहे, आणि रुग्णाने ते स्वतःच्या मनाने कधीही करू नये.

प्रश्न : मी दोन वर्षे पोटाचे डायलिसिस करते. पिशवीतील साखरेने पोटाच्या पडद्याला आणि उरलेल्या मूत्रपिंडाला इजा होते, असे वाचले. नव्या प्रकारची द्रावणे घ्यावीत का?

उत्तर : आपण वाचले त्यात तथ्य आहे. ग्लुकोजचे द्रावण उष्णतेने निर्जंतुक करताना ग्लुकोजचे काही विघटित अंश तयार होतात. ते पोटाच्या पडद्यातून रक्तात शिरतात, प्रथिनांशी जोडले जातात आणि ऑक्सिडेटिव्ह ताण वाढवतात. नव्या पिशव्यांत दोन कप्पे असतात. ग्लुकोज वेगळ्या कप्प्यात अधिक आम्ल स्थितीत निर्जंतुक केल्यामुळे हे अंश कमी तयार होतात, आणि वापरापूर्वी दोन्ही कप्पे मिसळल्यावर द्रावण जवळपास उदासीन होते. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि सिंगापूर येथील १८५ रुग्णांच्या बॅलान्झ चाचणीत मूत्रपिंडकार्य घटण्याच्या वेगात ठोस फरक सिद्ध झाला नाही, पण लघवी पूर्ण बंद होईपर्यंतचा काळ वाढला आणि पोटातील जंतुसंसर्गही कमी झाला. अनेक चाचण्या एकत्र पाहिल्या, तर वर्षभराहून अधिक वापरात लघवी टिकण्याचा लाभ दिसतो. म्हणून ही द्रावणे मिळत असतील तर जरूर घ्यावीत. मिळत नसतील तर हळहळू नये. कमी तीव्रतेच्या पिशव्यांवर भागेल इतके मीठ आणि पाणी आटोक्यात ठेवणे, तसेच पिशवी बदलताना हातांची स्वच्छता न चुकवणे, यांनीही तेच साधते, कारण पोटातील एकेक जंतुसंसर्ग मूत्रपिंडाचा मोठा घास घेऊ शकतो. रक्तदाबाच्या गोळ्यांबाबतही डॉक्टरांशी बोलावे. रॅमिप्रिलच्या २००३ सालच्या चाचणीत आपल्यासारख्या रुग्णांचे मूत्रपिंडकार्य अधिक टिकले. मात्र या औषधांनी पोटॅशियम वाढू शकते.

प्रश्न : लोहाच्या इंजेक्शनाने शरीरात ‘गंज’ चढतो, असे ऐकून माझ्या पतीने ते घेणे थांबवले आहे. हिमोग्लोबिन घसरत आहे.

उत्तर : त्यांना इंजेक्शन पुन्हा सुरू करण्याविषयी डॉक्टरांना लगेच भेटायला सांगावे. मोकळे लोह हायड्रोजन पेरॉक्साइडशी संयोग पावून अत्यंत घातक रेणू तयार करते, हे रसायनशास्त्रात खरे आहे आणि म्हणून ही भीती वर्षानुवर्षे डॉक्टरांनाही होती. ती तपासण्यासाठी ब्रिटनमध्ये २१४१ हिमोडायलिसिस रुग्णांवर पिव्होटल ही चाचणी झाली व तिचे निकाल २०१८ साली आले. एका गटाला दरमहा ४०० मिलिग्रॅम लोह दिले गेले आणि फेरिटिन (शरीरातील लोहसाठा दाखवणारे प्रथिन) ७०० च्या वर किंवा लोहसंपृक्तता (रक्तातील लोहवाहक प्रथिनाचा लोहाने भरलेला भाग) ४० टक्क्यांवर गेली की ते थांबवले गेले. दुसऱ्या गटाला तुटवडा दिसल्यावरच लोह मिळाले. मृत्यू, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयाच्या दुर्बलतेमुळे दाखल होणे यांचे एकत्रित प्रमाण पहिल्या गटात कमी होते, आणि जंतुसंसर्ग वाढला नाही. परीक्षानळीत जे घडते ते तसेच माणसात घडेल असे धरून उपचार सोडू नयेत. मर्यादा आहेच, ती ठरवण्यासाठी फेरिटिन आणि लोहसंपृक्तता यांच्या नियमित तपासण्या असतात.

प्रश्न : उरलेले मूत्रपिंडकार्य घरी कसे मोजावे? लघवी वाढवण्याची गोळी चालू ठेवावी का? गुडघेदुखीसाठी कोणती गोळी चालेल?

उत्तर : केवळ लघवी किती झाली यावरून पूर्ण कल्पना येत नाही, कारण पाणी भरपूर पण त्यात विषारी द्रव्ये थोडी, असेही असते. हिमोडायलिसिसच्या रुग्णाने एका सत्राच्या शेवटापासून पुढच्या सत्राच्या सुरुवातीपर्यंतची सर्व लघवी स्वच्छ डब्यात जमा करावी, सुरुवातीची आणि शेवटची वेळ लिहून ठेवावी, आणि त्या लघवीसोबत रक्ताचीही तपासणी व्हावी. पेरिटोनियल डायलिसिसमध्ये २४ तासांची लघवी पुरते. युरिया आणि क्रिएटिनिन या दोहोंच्या शुद्धीची सरासरी काढतात, कारण एकट्या क्रिएटिनिनने आकडा फुगतो आणि एकट्या युरियाने तो कमी येतो. दर दोन-तीन महिन्यांनी ही मोजणी व्हावी. आजारपण, शस्त्रक्रिया किंवा लघवीत अचानक घट झाल्यास वाट न पाहता लगेच करावी. एखाद्या वेळी डबा सांडला किंवा एक वेळची लघवी राहून गेली, तर अंदाजाने भर न घालता तसे सांगावे आणि पुन्हा जमा करावी.

फ्युरोसेमाइडसारखी गोळी लघवीचे प्रमाण वाढवते, विषारी द्रव्यांची शुद्धी वाढवत नाही. तरीही सत्रात कमी पाणी काढावे लागते, म्हणून लघवी होत असेपर्यंत ती उपयोगी आहे. डायलिसिस सुरू झाले की ती आपोआप बंद करण्याची पद्धत अनेकदा दिसते. ती का बंद केली, हे डॉक्टरांना विचारणे आपला हक्क आहे.

गुडघेदुखीसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही वेदनाशामके टाळावीत. ती मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठाच आवळतात. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत चालते, आणि दुखऱ्या सांध्यावर वरून लावण्याचे मलमही आधी त्यांना दाखवून घ्यावे. कोणत्याही नव्या डॉक्टरांकडे गेल्यावर ‘मी डायलिसिसवर आहे, पण मला अजून लघवी होते’ हे वाक्य आवर्जून सांगावे. त्यामुळे अमायनोग्लायकोसाइड गटातील प्रतिजैविके किंवा तपासणीसाठी शिरेतून द्यायचे आयोडिनयुक्त औषध देण्यापूर्वी ते पर्यायांचा विचार करतील, आणि पर्याय नसेल तेव्हा कमीत कमी मात्रा ठरवतील.